एक बोट वर

“अर्धं आयुष्य मी मधमाश्यांत काढलंय. आजपर्यंत एका माशीची टाप झाली नाही मला चावायची. हे आमदार मला काय चावणार?”

दाजींनी हे वाक्य टाकलं की टाळ्या पडायच्याच. पूर्ण प्रचारभर गावोगाव पडत होत्या. शेवटच्या दिवशी, सकाळच्या सभेतही पडल्या. मी स्टेजच्या पायरीशी उभा होतो. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण माझा उजवा हात पँटच्या खिशात होता आणि खिशात चष्म्याची डबी होती. डबीत चष्मा नव्हता, भरलेलं इंजेक्शन होतं.

दाजी म्हणजे डॉ. जयवंत वायाळ. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. डॉक्टर म्हणजे माणसांचे नाहीत, कीटकशास्त्राचे. आमच्या भागात शेतकरी कांद्याचं बी करतात. बी धरायचं तर कांद्याच्या फुलावर मधमाशी बसावी लागते, आणि मधमाशी काही कुणाच्या बोलावण्यानं येत नाही. दाजींनी असं औषध काढलं की ते फवारलं की माश्या वास काढत येतात. ‘मधुगंध’ नाव. वास गवती चहासारखा. औषध निघालं, कारखाना निघाला, आणि बाटलीवर दाजींचा फोटो निघाला: हनुवटीपासून छातीपर्यंत माश्यांची दाढी, आणि वर दाजी हसतायत.

शास्त्रज्ञ होते तोवर लोक त्यांच्याकडे पुरावा मागायचे. कारखानदार झाले तेव्हा लोक सूट मागायला लागले. राजकारणात माइक मिळतो आणि कोणी काही मागत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. ते खोटं होतं, पण कळलं तोवर अर्ज भरून झाला होता. अपक्ष. चिन्ह छत्री.

आता इंजेक्शनचं.

निवडणुकीच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. कारखान्याच्या बागेत आम्ही चहा पीत होतो. दाजींच्या कानाच्या पाळीला एक माशी चावली. साधी, बागेतल्या मधपेटीतली, त्यांनीच वाढवलेली. “अरे, चावली की,” असं ते कौतुकानं म्हणाले, कप ठेवायला वाकले आणि कपाबरोबर खाली बसले. ओठ सुजले, डोळे बुजले, आणि घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तो आवाज अजून मला कुकर लागला की आठवतो. अक्का लग्नाआधी सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं काय केलं, कुठून सुई आणली, मला कळलं नाही. दाजी वाचले.

नंतर शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, “तुमच्या अंगाला आता माशीचं विष सोसत नाही. पुढची चावली तर पाच-दहा मिनिटं मिळतील. तीही नशीब असेल तर.”

“मला?” दाजी म्हणाले. “मी कोण आहे तुम्हाला माहीत आहे का?”

“मला आहे हो,” डॉक्टर म्हणाले. “माशीला सांगून बघा.”

ही गोष्ट गावात तिघांनाच ठाऊक: दाजी, अक्का आणि मी. बाजारात कळलं असतं तर बाटलीवरचा फोटो बदलायची वेळ आली असती. आणि निवडणुकीत कळलं असतं तर विरोधकांना पोस्टर छापायचीही गरज नव्हती, नुसती एक पेटी सभेत उघडून ठेवली तरी भागलं असतं.

म्हणून प्रचारात दाजींचा मेव्हणा सावलीसारखा त्यांच्यामागे. लोकांना वाटायचं, भानुदासरावांना पुढं-मागं नगरपालिकेचं तिकीट पाहिजे. मला काही नको होतं. मला फक्त संध्याकाळी दाजी जिवंत घरी आणायचे होते.

अक्कानं मला इंजेक्शन मारायला वांग्यावर शिकवलं. त्यातलं औषध काळजाला चाबूक मारतं, म्हणायची. “मांडीत मारायचं. बाहेरच्या बाजूला. कपड्यावरून मारलं तरी चालतं. आणि विचार करायचा नाही, भान्या. तू विचार करायला लागलास की मेले ते.” त्या आठवड्यात घरात रोज भरीत होतं, आणि रोज पाणचट होतं.

खूण दाजींनी ठरवली.

“चावली तर मला ओरडता येणार नाही. घसा आधी जातो. मी हात वर करीन.”

“सभेत तुम्ही सारखाच हात वर करता,” मी म्हणालो. “मी कुठल्या हाताला पळत येऊ?”

“बरोबर आहे. शिवाय पंजा दाखवला तर दुसऱ्याच्या चिन्हाचा प्रचार होईल.” त्यांनी विचार केला. “उजव्या हाताचं एक बोट वर करीन. सरळ आभाळाकडं. दिसलं की यायचं.”

अक्का पोळ्या लाटत होती. म्हणाली, “आणि हे सगळं कशाला, म्हणते मी? घरी बसा की. आमदार नाही झालं तर माणूस मरत नाही. तुम्ही व्हायला निघालात म्हणून मराल.”

“तुला राजकारण कळत नाही.”

अक्काला तेव्हा खरंच राजकारण कळत नव्हतं. आता ती दुसऱ्यांदा आमदार आहे.

तर प्रचाराचा तो शेवटचा दिवस. पाच वाजता भोंगे बंद. शेवटची सभा दुपारी आसोल्याला, शाळेच्या मैदानात. आमची जीप मैदानात शिरली तसे प्रचारप्रमुख मिसाळआण्णा पुढं आले. आण्णा म्हणजे तीन पक्षांचं मीठ खाल्लेला गडी. देह असा की स्टेजवर चढायला त्यांना दोन माणसं आणि एक स्टूल लागायचं. गुडघे गेलेले.

“साहेब,” आण्णा खुशीत म्हणाले, “जरा वर बघा.”

वर पाण्याची टाकी होती. गावाची, उंच खांबांवरची. स्टेज बरोबर तिच्याखाली बांधलं होतं. आणि टाकीच्या बुडाला मधमाश्यांची सुपाएवढी काळी पोळी लोंबत होती. एक नाही, रांगेनं. मी बघतोय तर एका पोळ्यावरून सर्रकन लाट गेली, झोपलेल्या जनावराच्या कातडीवरून जाते तशी.

“मुद्दाम ही जागा धरली,” आण्णा म्हणाले. “मधमाशीवाल्या डॉक्टरची सभा, आणि डोक्यावर मोहोळ. टीव्हीवाला पण बोलावलाय. शॉट काय येईल, साहेब.”

दाजी वर बघत राहिले.  

“कुठली माशी आहे ही?” मी हळूच विचारलं.

“आग्या,” दाजी म्हणाले. “ही पाठलाग करते. माणसानं विहिरीत उडी मारली तर ही वर थांबते.”

“मग परत जाऊ.”

“टीव्हीवाला आलाय.”

“दाजी, अक्का मला घरात घेणार नाही.”

“आण्णा,” दाजी म्हणाले, “फटाके नाहीत ना?”

“नाहीत. डीजे आहे फक्त. माश्यांना गाणं आवडतं म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच म्हणलात की, परवाच्या सभेत.”

 दाजींनी डीजे बंद करायला लावला, कॉलरचं वरचं बटण लावलं आणि ते स्टेजवर चढले. उन्हाचा तडाखा होता, तरी कुणालाही विचित्र वाटलं नाही. पुढारी माणूस गळ्यापर्यंत बंद असलेलाच लोकांना बरा वाटतो.

मैदान भरलं होतं. निम्म्या लोकांच्या हातात आम्हीच वाटलेल्या छत्र्या. मी पायरीशी, हात खिशात. डबीचं झाकण अंगठ्यानं थोडं उघडून ठेवलेलं. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघत होतो. 

भाषण बरं चाललं. रस्ते झाले, पाणी झालं, आमदाराचा पुतण्या झाला. शेवटाकडे दाजींनी नेहमीचं वाक्य धरलं. “अर्धं आयुष्य मी मधमाश्यांत…”

तेवढ्यात मागून जेसीबी पुढं आला. त्याच्या सोंडेला झेंडूचा हार लटकत होता, माणसाच्या कमरेएवढा जाड. जेसीबीनं हार घालायची टूम तेव्हा आमच्याकडे नुकतीच आली होती आणि ड्रायव्हरला सराव नव्हता. हार झुलत आला, दाजींच्या गळ्यात बसला, तसे ते थोडे खाली दबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मला गवती चहाचा वास आला.

दाजींनाही आला. ते वाक्याच्या मध्येच थांबले. तोंडासमोर माइक आहे हे विसरून त्यांनी विचारलं, “हाराला काय लावलंय?” सगळ्या भोंग्यांतून ते मैदानभर गेलं.

खालून तुळशीराम बुरकुल उभा राहिला. आमचा आसोल्याचा डीलर. तालुक्यात सर्वांत जास्त मधुगंध तोच विकायचा.

“आपलंच औषध, साहेब,” तो अभिमानानं ओरडला. “फुलं सकाळची होती, जरा मान टाकली होती त्यांनी. म्हणलं वास तरी चांगला यावा. अख्खी बाटली मारली.”

लोक हसले. पुन्हा टाळ्या.

मी वर बघितलं. लाट थांबली होती. पोळी काळी होती ती हळूहळू पिवळी दिसायला लागली. माश्या उठल्या की खालचं पोळं असं दिसतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की टाकीखालची सावली सुटून आमच्याकडं येते आहे.

“कुणीही हलू नका,” दाजी माइकवर म्हणाले.

हे ऐकून सगळे हलले. पुढच्या बायका उठल्या, मागच्यांनी का उठल्या म्हणून विचारलं, आणि छत्र्या उघडायला लागल्या. फटाफट. माश्या आधी खरंच काही करत नव्हत्या. हारावर उतरत होत्या, वास घेत होत्या. पण पहिल्या रांगेतल्या एकानं टोपी काढून एक माशी खुर्चीवर चिरडली, आणि गवती चहाच्या वासात दुसरा वास मिसळला. पिकल्या केळ्यांचा. दाजींनीच मला एकदा सांगितलं होतं: माशी मेली की तिच्या अंगातून असा वास सुटतो, आणि बाकीच्यांना कळतं कुठं चावायचं.

मग जे झालं ते सांगायला फार वेळ लागतो, व्हायला लागला नाही. मैदान पळालं. जो हात झटकेल त्याच्यामागं माश्या. जेसीबीचा ड्रायव्हर काच बंद करून आत मांडी घालून बसला. टीव्हीवाला कॅमेरा तिकाटण्यावर तसाच सोडून शाळेच्या संडासात शिरला. कॅमेरा चालूच राहिला.

दाजी हलले नाहीत. हारात गळ्यापर्यंत बुडालेले, डोळे मिटलेले. झेंडू दिसेनासा झाला. हारावरच्या माश्या छातीवर गेल्या, कॉलरवर, मग हनुवटीवर. बाटलीवरचाच फोटो. फक्त हसू नव्हतं.

मला पळायचं होतं. पाय पण तयार होते. तेवढ्यात दाजींची मान एकदम आखडली, चेहरा वाकडा झाला, आणि त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला.

एक बोट. सरळ आभाळाकडं.

मी पायऱ्या चढलो. डबी उघडली, सुई हातात घेतली. दोन माश्या मला पापणीवर चावल्या आणि एक डोळा बंद झाला. दुसऱ्या डोळ्यानं पांढरं दिसलं. दाजी पांढऱ्या कपड्यात होते. मांडी. बाहेरची बाजू. विचार करायचा नाही. मी सुई घुसवली आणि दट्ट्या पूर्ण दाबला.

“आई आई गं,” मांडी म्हणाली.

आवाज दाजींचा नव्हता. मिसाळआण्णा स्टेजवरच्या गादीची पांढरी चादर डोक्यापासून पायापर्यंत ओढून, रस्ता दिसत नसल्यानं, माइकच्या वायरीत अडकत माझ्या आणि दाजींच्या मधोमध आले होते. वायर तुटली, भोंगे गप्प झाले. चादरीतून आण्णांचं तोंड बाहेर आलं.

“काय टोचलंत, भानुदासराव?”

“इंजेक्शन.”

“कशाचं?”

“माशीचं.”

आण्णांचे डोळे मोठे झाले. त्यांनी छातीवर हात ठेवला. मग गुडघे गेलेला तो माणूस स्टेजवरून उडी मारून नांगरटीतून जो सुटला तो दिसेनासा झाला. पुढच्या गावात जाऊन त्यांनी पारावर उभं राहून एक भाषणही केलं. तोवर पाच वाजून गेले होते, त्यामुळं त्यांच्यावर आचारसंहितेची केस झाली.

मी रिकामी सुई हातात धरून उभा. दाजींचं बोट वरच.

“दाजी,” मी म्हणालो, “इंजेक्शन गेलं.”

त्यांचे ओठ जेमतेम हलले. “कुठं?”

“आण्णाच्या मांडीत.”

“दुसरं?”

“अक्काकडं. घरी.”

घर तासाच्या अंतरावर. ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

“हलू नको,” दाजी म्हणाले. “आता तुला चावून घेण्यात काही अर्थ नाही. अक्काला एक सांग.”

“काय?”

“तिचं बरोबर होतं म्हणून.”

मी त्यांच्या घशाकडे कान लावून उभा राहिलो. शिट्टी कधी येते त्याची वाट बघत. एक-एक श्वास येत होता, आत जात होता, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता. हा शेवटचा. एक माशी त्यांच्या ओठावरून चालत नाकापर्यंत गेली, तिथं थांबली, पाय पुसले आणि परत आली. दाजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बोट मात्र त्यांनी खाली घेतलं नाही. का घेतलं नाही, ते मी नंतर विचारलं. म्हणाले, “खाली घेताना काखेत एखादी सापडली असती तर?”

पाच-दहा मिनिटं गेली असतील. मग आणखी गेली. शिट्टी आली नाही.

“भान्या,” दाजी म्हणाले, “माझे ओठ सुजलेत का?”

“नाही.”

“मग थांब जरा.”

ऊन उतरेपर्यंत आम्ही तसेच उभे. माश्या थव्यानं परत वर गेल्या. गावातली दारं किलकिली व्हायला लागली. तुळशीराम घोंगडं पांघरून आला आणि आम्ही दोघांनी मिळून तो हार दाजींच्या गळ्यातून काढला. मानेमागं रक्ताचा एक थेंब होता, आणि हारातून तारेचं एक टोक बाहेर आलेलं.

“तार?” मी विचारलं.

“एवढं वजन दोऱ्यात राहत नाही,” तुळशीराम म्हणाला. त्याचा चेहरा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. “म्हणून तारेत ओवला. काहून, टोचली का?”

दाजींनी तारेच्या टोकावर बोट दाबून बघितलं. मग स्टेजमागं जाऊन ओकले. तोंड धुऊन आले तेव्हा मला म्हणाले, “ते अक्काला सांगू नको. बरोबर होतं वगैरे.”

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर सकाळपासून एकच चालू होतं. मैदान पळतंय, छत्र्या उडतायत, आणि मधोमध एक माणूस माश्यांनी भरलेला, शांत, एक बोट आभाळाकडं करून उभा. मी त्यात नव्हतो. मी उभा होतो त्या बाजूला कॅमेऱ्याच्या आड जेसीबी येत होता. बातमीवाली सांगत होती की डॉक्टरांनी एका बोटानं माश्यांना आज्ञा केली. प्रचार बंद होता, पण बातमीला कोण बंद करणार. मतदानाच्या दिवशी केंद्रावरून निघणारा जो तो शाई लागलेलं बोट वर करून दाखवत होता. पोरांनी लगेच घोषणाही जुळवली: उचला बोट, द्या व्होट.

अक्का टीव्ही बघून म्हणाली, “आता खूण बदला.”

“का?”

“आता गावातलं प्रत्येक माणूस तेच बोट वर करतंय. तुमचं बोट यानं कसं ओळखायचं?”

“बदलू,” दाजी म्हणाले. “निकाल लागू दे.”

निकाल लागला. आमदार पडले. विजयाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. दाजी पुढच्या उघड्या जीपमध्ये उभे, मी मागच्या जीपमध्ये. अक्का ओवाळायला म्हणून घरी थांबली होती. माझ्या खिशात डबी होती. सवयीनं. सारा रस्ता बोटांनी भरला होता. म्हाताऱ्या बोट वर करत होत्या, हवालदार करत होते, न्हाव्याच्या खुर्चीत फेस लावलेला माणूस करत होता. दाजीही प्रत्येक चौकात करत होते. त्यांनी पहिल्यांदा बोट वर केलं तेव्हा मी जीपमधून उडी मारली. दुसऱ्यांदाही मारली. ड्रायव्हर म्हणाला, “भानुदासराव, बसा की निवांत. निवडून आलेत आता ते.” मग मी बसलो.

पेठेच्या तोंडाशी तुळशीराम हार घेऊन उभा होता. सूज उतरली होती.

“या वेळी दोऱ्यात ओवलाय साहेब,” तो म्हणाला. “तार नाही. औषध नाही. पहाटे शेतातून तोडून आणलाय, ताजा.”

दाजी हसले आणि मान पुढं केली.

बाजार समितीसमोर दाजींनी बोट वर केलं. लोकांनी केलं. मीही केलं. दाजींनी ते आणखी उंच केलं, आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. लोकांनीही आणखी उंच केलं. डीजेवाल्यानं आवाज वाढवला.

बसस्टँडपाशी जीप थांबली तेव्हा दाजी सीटवर बसलेले होते. हात जीपच्या दांडीला अडकून वरच राहिला होता. हार काढला. आत माशी एकच निघाली.